उजवीकडच्या भावाच्या कानात

२ मार्च
तोंड वाकडं करू नका. बाबांना कोंडत नाही मी, बाहेरून कुलूप लावतो. फरक आहे. दार उघडं दिसलं की ते चालू लागतात. परवा बनियनवर चौकात उभे राहून गाड्यांना हात दाखवत होते. कामावर तर जायलाच हवं ना? बाकी सगळं झकास. नवं गाव, छापखान्यात नवी नोकरी, खोलीत भरपूर उजेड. मजल्यावर दुसरं बिऱ्हाड नाही, बाबा ओरडले तरी कुणाला त्रास नाही. उशाशी बाटलीभर पाणी ठेवतो, जेवायच्या सुट्टीत धावत येतो. आज विचारत होते, गुन्हा काय माझा, जेलरसाहेब? हसलो. जिन्यात रडलो.

५ मार्च
फोरमन त्याच्या बंधुमंडळात घेऊन गेला. यांचं तत्त्वज्ञान साधं आहे : आत्म्याला वजन नसतं, अपराधाला असतं. गोल करून बसायचं, आपला अपराध उजवीकडच्या भावाच्या कानात सांगायचा. ‘माझा झाला’ म्हणून तो घेतो आणि पुढच्या वर्षी आपल्या उजवीकडे देतो. हातोहात झिजतो म्हणे, साबणाच्या वडीसारखा. मला हसू आलं. पण डोक्यातून जाईना.

८ मार्च, रविवार
दीक्षा झाली. माझ्या उजवीकडे शिंपी होता, कानावर खडू अडकवलेला. सगळं सांगितलं : कुलूप, बाबांचं आतून दार थोपटणं. ‘माझा झाला,’ म्हणाला आणि त्याचा चेहराच उतरला. मी मात्र पिसासारखा! नव्या भावाने आठवडाभर मंडळाच्या माडीवर राहायचं, घरी जाऊन यायला हरकत नाही. संध्याकाळी काहीतरी द्यायला जायचं होतं. काय ते आठवेना. झोपतो.

९ मार्च
काय झोप लागली! खिशात एक किल्ली सापडली. फोरमन म्हणाला, तुझीच असेल. असेल.

१० मार्च
शिंपी मशीनवर डोकं टेकून रडत होता. म्हणे खोली दिसते, रस्ता दिसत नाही, पत्ता सांग. कसला पत्ता? म्हटलं, राजा, जरा झोप काढ.

११ मार्च
शिंपी मशीन नुसतंच चालवतो, कापड न घालता. थांबवलं की थोपटणं ऐकू येतं म्हणे. आज म्हणाला, मंदावलंय —

१२ मार्च
ही वही उघडली. अक्षर माझं. बाबा कुणाचे? वाईट वाटायला हवं — वाटत नाही —

शिंप्याकडे गेलो. परत दे म्हटलं. फोरमन मध्ये पडला, दिलेलं परत घेत नाहीत, मंडळ मोडेल. शिंपी त्याला ढकलून माझ्या कानाशी आला —

माझा झाला.

बाबा —

चार दिवस. एक बाटली.

वाटेत पुन्हा विसरलो तर, म्हणून लिहितोय : तिसरा मजला, डावीकडचं दार. शिंपी कानात शेवटचं म्हणाला, सकाळपासून आवाज नाही. फोरमन समजावतोय. तुम्ही नका समजावू. फरक नव्हता. कोंडलंच होतं. किल्ली हातात आहे, मी निघा —