चार बोटं उतरवलेलं टेबल

दि. ३ सप्टेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पोचले, जेवते, झोपते. हे तीन प्रश्न तू विचारणारच, म्हणून आधीच उरकून टाकले. आता खरी बातमी. मुलाखत झाली आणि मामा, छान झाली!

नाट्यगृहाचा कपडेपट एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. मागच्या दाराने दोन जिने उतरून जावं लागतं, पण खाली आपल्या दुकानापेक्षा जास्त उजेड. मुख्य बाईंचे केस पिकलेले, गळ्यात टेप, आणि बोलणं तुझ्याइतकंच कमी. मी रात्रभर उत्तरं पाठ केली होती, त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. जाड लोकरी कापड पुढे सरकवलं, एका नटाची मापं दिली आणि कोट बेतायला सांगितलं. पोट सुटलेलं, एक खांदा उतरलेला. मी तुझ्यासारखाच आधी कापडावरून हात फिरवला, मग खडू उचलला. खांदा बेतून झाला तेव्हा बाईंनी बाकीच्यांना हाका मारून दाखवला. माझे कान गरम झाले.

टेबल मात्र उंच. आपल्याकडे उभं राहायला माझी फळी आहे, तिथे कुठली? मी टाचा उचलून कापत होते, ते बाईंनी हेरलं. त्यांनी सुताराला बोलावलं, मला सरळ उभं केलं आणि कोपरापासून जमिनीपर्यंत माप घ्यायला लावलं. टेबल चार बोटं उतरवायचं ठरलं. त्याने माझ्यासमोर पायांवर खुणा केल्या! निघताना बाई म्हणाल्या, आठवड्याभरात फोन येईल, फोन जवळ ठेव. म्हणून इथेच एक खोली घेऊन थांबले आहे. तुला फोन करणार नाही, नेमका तेव्हाच त्यांचा यायचा. तसाही तू फोनवर ‘हं’च्या पुढे जात नाहीस.

लोभ आहेच. त्यातला थोडा स्वतःच्या दुखऱ्या पाठीलाही लावावा.

तुझी,
टिचू

*

दि. ८ सप्टेंबर

चि. टिचूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानातच फोडलं. समोरचा चष्मेवाला मान लांब करून बघत होता, शेवटी त्यालाच वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं, अजून पक्कं कुठे झालं आहे? मी त्याला सांगितलं, बाबा रे, तू डोळे तपास. शिंप्याच्या धंद्यातलं तुला काय कळतं?

माप घेतलं ना? मग झालं. काम घ्यायचं नसेल तर मी टेप गळ्यातून काढत नाही, हे तू लहानपणापासून बघत आली आहेस. पडद्याच्या कापडाचा सूट शिवून मागणारे ते गृहस्थ आठवतात? त्यांना चहा पाजला, कापडाची तारीफ केली, पण टेपला हात लावला नाही. एकदा माप घेतलं की शब्द दिला. त्या बाई आपल्याच धंद्यातल्या, त्यांना हे मी सांगायला नको. तेव्हा मी सगळ्या गल्लीला सांगून मोकळा झालो आहे.

इकडची काळजी करू नकोस. मी नवीन माणूस ठेवला आहे. चांगला उंच आहे, त्याला फळीबिळी लागत नाही. तुझी फळी मोडून रिळं ठेवायला मांडणी केली, फार सोयीची झाली. ताई गेल्यावर तुला इथे आणली तेव्हा तू त्या टेबलाखालून चालत जायचीस. आता मोठ्या जागी निघालीस, मागे वळून बघू नकोस.

आशीर्वाद आहेतच, ते मापून दिलेले नाहीत.

तुझा,
मामा

*

दि. २२ सप्टेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आठवडा झाला, त्यावर दुसराही उलटला. मीच एकदा फोन केला. बाई गोड बोलल्या. कागद वर गेला आहे, मंजुरी यायची आहे, धीर धर म्हणाल्या. ‘वर’ म्हणजे कुठे, हे विचारायचं मला सुचलं नाही. नंतर पुन्हा केला तेव्हा दुसऱ्याच कुणीतरी उचलला आणि निरोप देतो म्हणून ठेवून दिला.

इथलं सांगते. खोलीला एक खिडकी आहे आणि खिडकीला समोरच्या घराची भिंत आहे. पडदा जमिनीवर लोळत होता, तो मी उंच करून शिवला. तो बघून घरमालकीणबाई त्यांच्या दोन उसवलेल्या उशा घेऊन आल्या. तेवढा एक दिवस बरा गेला.

फोन मी आंघोळीला जातानाही पिशवीत गुंडाळून नेते. परवा तोंडाला साबण असताना वाजला. तसाच ओल्या हाताने उचलला. एक म्हातारे गृहस्थ किराणा दुकान समजून तांदूळ मागत होते. चुकीचा नंबर आहे एवढंच सांगायचं, तर मी त्यांना कोणता तांदूळ हवा, घरी माणसं किती, असं विचारत बसले. शेवटी तेच घाबरले आणि ठेवून दिला त्यांनी. हसू नकोस. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणी बोललं होतं.

संध्याकाळी नाट्यगृहावरून चक्कर मारते. आत जात नाही. दारात लोक चांगले कपडे घालून उभे असतात आणि मी त्यांच्या कॉलरी बघते. तुझा नवा माणूस कॉलर नीट बसवतो का? त्याला माझी कात्री देऊ नकोस. बाकी सगळं दे.

लोभ असू दे, आणि इतक्यात कुणाला काही विचारू देऊ नकोस.

तुझी,
टिचू

*

दि. २९ सप्टेंबर

चि. टिचूस,
अ. उ. आ.

तांदूळवाल्या आजोबांना मी जन्मात विसरणार नाही. पुन्हा आला त्यांचा फोन, तर दोन किलो माझ्या नावावर पाठवून दे.

आता जरा ऐक. कोट कच्च्या टाक्यावर असतो तेव्हा गिऱ्हाईक ट्रायलला येईपर्यंत आपण तो टांगून ठेवतो. कधी आठवडा, कधी महिना. म्हणून कापड खराब होत नाही आणि बेतही चुकत नाही. मात्र कच्च्या टाक्याचा कोट घालून कुणी बाहेर पडत नाही. आपण दोघांनी तेच केलं बघ. तू तो घालून तिथे बसलीस आणि मी इथे गल्लीभर मिरवला. आता रोज कुणीतरी विचारतं आणि मी म्हणतो, पोरगी कामात आहे, पत्र लिहायलाही सवड नाही. तेवढ्यात पोस्टमन तुझं पत्र घेऊन येतो. अगदीच फजिती!

नवीन माणसाचं छान चाललं आहे. कॉलर त्याला शोभून दिसते. उगाच बडबड नाही, चहा मागत नाही, सुट्टी मागत नाही. तू उभी राहायचीस तिथेच खिडकीपाशी उभा असतो. कात्री दिलेली नाही.

पावावर दिवस काढत असशील तर मला कळतं. भात लाव. एकट्यासाठी लावायचा कंटाळा येतो, मलाही येतो, तरी लाव.

आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी जरा वाकून दिलेले.

तुझा,
मामा

*

दि. १२ ऑक्टोबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

कृपा करून थट्टा करू नकोस.

बाई फोन उचलत नाहीत. खोली आणखी महिनाभर ठेवली आहे. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. पण कुणी नाहीही म्हणत नाही. रोज सकाळी वाटतं आज येईल, आणि संध्याकाळी स्वतःचाच राग येतो. काल पाव आणायला गेले तर घशातून आवाजच निघेना. मग आठवलं, शुक्रवारपासून मी कुणाशी एक शब्दही बोललेली नाही. ते टेबल मी झोपेतही बघते. इतकं माझ्या मापाचं मला आजवर कुणी काही दिलं नव्हतं, आणि आता तेही दिलं की नाही ते कळत नाही.

मला परत ये म्हणू नकोस. येऊन उभी कुठे राहू? माझ्या जागी माणूस आहे आणि फळीची मांडणी झाली आहे.

रागावू नकोस. लोभ आहे म्हणूनच हे तुला लिहिते.

टिचू

*

दि. १७ ऑक्टोबर

चि. टिचूस,
अ. आ.

थट्टा नाही.

तू स्वतः तिथे जा. गिऱ्हाईक कोट न्यायला आलं नाही तर आपण दोनदा निरोप धाडतो, तिसऱ्यांदा त्याच्या दारात जातो. तसंच जा. हो की नाही ते तोंडावर विचार. माणसाला असं कच्च्या टाक्यावर लटकत ठेवू नये, हे त्यांच्या ध्यानात येत नसेल तर निदान तू तरी स्वतःला उतरवून घे.

फळीचं नंतर बोलू.

माझा जीव तुझ्यात अडकला आहे, एवढं लक्षात ठेवून जा.

मामा

*

दि. २४ ऑक्टोबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

गेले होते. दाराशी रखवालदाराने अडवलं, पण मागून सुतार आला आणि त्याने मला ओळखलं. चार बोटंवाली म्हणाला.

बाई तिथे नाहीत. आजारी पडल्या आणि नोकरी सोडून लेकीकडे गेल्या. नव्या माणसांची भरती पुढच्या वर्षापर्यंत थांबवली आहे, कदाचित त्याच्याही पुढे. मला कळवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. ज्यांनी कळवायचं त्या बाई, आणि बाईच नाहीत. कुणावर चिडू सांग? चिडायला मी तयारी करून गेले होते, तर समोर माणूसच नाही.

मग सुताराने मला आत नेलं. कोपऱ्यात एक टेबल होतं, त्यावर केसांच्या टोपांचे खोके रचलेले. त्याने पाय दाखवले. मामा, कापलेले! मी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने कापले होते. आता त्या टेबलापाशी बाकीच्यांच्या पाठी भरून येतात, म्हणून कुणी तिथे उभं राहत नाही, नुसते खोके ठेवतात. त्याने ते उतरवले आणि मला उभं राहून बघायला सांगितलं. मी हात ठेवला. कोपर अगदी बरोबर आलं. टाचा जमिनीवर होत्या. सुतार काहीतरी आणायचं निमित्त करून बाहेर गेला आणि मग मला रडू आवरेना. परत आल्यावर त्याने विचारलं की पायांखाली पुन्हा ठोकळे लावू का. मी म्हटलं, लावा, टेबल कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. तो मान हलवून हो म्हणाला, पण खोके परत वर ठेवले. लावेल असं वाटत नाही.

तेव्हा माप खरं होतं. तू गल्लीला खोटं सांगितलं नाहीस. तेवढ्याने मला बरं वाटलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

घरी येताना फोन बंद पडला होता. मी तो तसाच राहू दिला. आणि जिना चढताना तुझा तो नवा माणूस आठवला. चहा पीत नाही, बोलत नाही, खिडकीपाशी उभा, कॉलर शोभून दिसते. मामा, तो कोट टांगायचा कापडी पुतळा ना? मी जिन्यात एकटीच हसले. वर पोचेपर्यंत हसू संपलं.

कोपऱ्यावरच्या दुकानात कपडे उसवून बेतशीर करून देणारं कुणीतरी हवं आहे. सोमवारपर्यंत सांगते म्हटलं आहे. काय सांगू, कळत नाही. पुतळा हलवता येईल, पण फळी तर गेलीच ना?

लोभ ठेव. सध्या तो सोडून माझ्याकडे दुसरं काही नाही.

तुझी,
टिचू

*

दि. २९ ऑक्टोबर

चि. टिचूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चष्मेवाल्याला दाखवलं नाही.

हो, पुतळाच तो. इथे जागा रिकामी आहे असं वाटलं असतं तर तुझा एक पाय तिथे आणि एक इथे राहिला असता, म्हणून माणूस ठेवल्याचं लिहिलं. वाटलं शहाणपण केलं. तू गेल्यापासून मी एकही कोट बेतलेला नाही. बटणं लावतो, बाह्या आखूड करतो, आणि दुपारी त्याच्याकडे बघत चहा पितो. परवा त्याला विचारलं, बाबा, पाऊस पडेल का? तुझे तांदूळवाले आजोबा परवडले, निदान ते घाबरले तरी.

रिळं बिस्किटांच्या डब्यातच आहेत. मांडणीबिंडणी काही नाही. करवत आणली होती, फळी आडवी धरलीही होती. तिच्यावर तुझ्या दोन पावलांच्या जागा घासून गुळगुळीत झाल्या आहेत. त्या सुताराने परक्या मुलीसाठी चार पाय कापले, भला माणूस. मला एक फळी कापवली नाही. ती होती तिथेच आहे. रोज सकाळी खिडकी उघडायला गेलो की पायाला लागते.

मी ये म्हणत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मन रमेल असं वाटलं तर खुशाल राहा, आणि त्यांच्याकडे टेबल उंच असेल तर फळी पार्सलने पाठवतो. फक्त उभं राहायला जागा नाही म्हणून कुठे राहू नकोस. ती तुझी आहेच, तू वापर किंवा वापरू नकोस.

आशीर्वाद सगळेच्या सगळे, शिल्लक ठेवलेले नाहीत.

तुझा,
मामा

ता. क. फोन चालू कर आणि रविवारी मला लाव. लाईन अडकली तर अडकू दे. मी ‘हं’च्या पुढे फारसं काही बोलेन असं नाही, पण आधी फोन ठेवणारा मी नसेन.