खडू कुणाच्या हातात

बाई, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, आणि आज मला तुमचीच भीती वाटतेय. तेर गावच्या शाळेत, चौथीत, तुम्ही मला वर्गातल्या एका मुलीला भागाकार शिकवायला सांगितलं होतं. मी फळ्यावर तीन गणितं झरझर सोडवली, "समजलं का?" विचारलं, ती "व्हय" म्हणाली, आणि मी ऐटीत हात झटकले. तुम्ही मागं उभ्या होतात. चिडलात. "समजलं का म्हणून विचारलं की माणूस व्हयच म्हणतंय. लाजंनं म्हणतंय, धाकानं म्हणतंय. खडू तिच्या हातात दे अन् तू खाली बस." तिनं खडू धरला आणि पहिल्याच आकड्याला रडायला लागली. तिला तुम्हीच रडवलंत असं वाटून मी आठवडाभर तुमच्यावर रुसले होते.

आता मी लोकांना शिकवण्याचाच पगार घेते. आपल्या जिल्ह्यातल्या एका खासगी दवाखान्यात कागदी केसपेपर बंद करून सगळं कॉम्प्युटरवर आणायचंय, आणि तिथल्या माणसांना ते शिकवायचं काम माझं. माणसं चाळीस, दिवस तीन. त्यात मुरुम गावच्या एक सिस्टर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. एखाद्या पेशंटला एखादं औषध चालत नसलं की त्या केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनानं लिहायच्या. जन्मभर तसंच करत आल्या. "मॅडम, ह्याच्यात लाल पेन कुठं हाय?" त्यांनी विचारलं, तेव्हा सगळे हसले. मीही हसले. त्यांची पाळी आली तेव्हा मागं माणसं ताटकळत होती. मी त्यांच्या खांद्यावरून हात घालून माऊस धरला, भराभरा करून दाखवलं. "समजलं का?" "व्हय मॅडम." लगेच सही घेतली.

गेल्या मंगळवारी त्यांनी एका बाळंतिणीच्या नावापुढं, तिला न चालणाऱ्या इंजेक्शनची नोंद टाइप केली, अगदी बिनचूक. फक्त 'सेव्ह'चं बटण दाबलं नाही. दुपारच्या पाळीच्या सिस्टरला पडद्यावर काहीच दिसलं नाही, आणि तिनं इंजेक्शन दिलं. ती पोरगी सोलापूरला आयसीयूत आहे. तिचं बाळ आजीपाशी आहे.

आज सकाळी चौकशी झाली. दवाखान्याच्या साहेबांनी माझ्याकडून सह्यांचा कागद मागून घेतला. त्यावर छापलंय, 'प्रशिक्षण मिळाले व समजले'. त्यांनी सिस्टरना विचारलं, "मॅडमनी शिकवलं होतं ना? समजलं होतं ना?" मला वाटलं, आता त्या खरं सांगतील. सांगावं, म्हणून माझा जीव कासावीस झाला होता, आणि सांगू नये म्हणूनही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, पोटच्या पोरीकडं बघावं तसं. "व्हय साहेब. लई चांगलं शिकवलं मॅडमनी. माझंच चुकलं." मी टेबलाकडं बघत राहिले. नंतर व्हरांड्यात त्यांना गाठलं तर उलट त्याच मला म्हणाल्या, "तुमचं वय हाय अजून. माझं काय, दोन वर्सं इकडं काय अन् तिकडं काय." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण तेही मी केलं नाही.

पाच वाजेपर्यंत साहेबांना माझा खुलासा हवाय. तो मिळाला की सिस्टरना घरी बसवणार आहेत. आणि त्या कागदावर अजून एकोणचाळीस सह्या आहेत, सगळे मला व्हय म्हणालेत. त्यांतलं कुणाला खरंच येतं, मला माहीत नाही. ते लोक आत्ता वॉर्डात पेशंटच्या नोंदी करतायत. खुलाशासाठी आणलेल्या कोऱ्या कागदावर मी मात्र तुम्हाला लिहीत बसलेय. साडेचार झालेत. लिहायचं तसं एवढंच आहे: सिस्टरनी माऊस एकदाही हातात धरला नव्हता, सगळा वेळ तो माझ्या हातात होता. बघा, लिहिलं. तुम्हाला लिहिता आलं, कारण हा कागद कुठंच पोचणार नाही.