पाण्याखालची काळी माती

प्रिय सरकार,

आधी कामं ऐक, मग रागाव. तू शहरात बहिणीकडे गेल्यापासून माझ्या हातांनी झालेलं: दलदलीतल्या जुन्या चरांवर लाकडी बांध, पाय न भिजता आत जाता येईल अशी फळ्यांची वाट, आणि तुझ्या शिलाई मशीनच्या खोलीला पूर्वेकडे खिडकी. चौकट काटकोनात आहे. गुण्या लावून बघ.

पहिला बांध मात्र दगडांचा घातला होता. सकाळी बघतो तर दगड गायब! मी सरळ तुझ्या भावावर संशय घेतला. दगड बिचारे मुकाट्याने खाली बुडत होते. इथली माती दगड पेलत नाही, लाकूड पेलते. मला हे कुणी शिकवलं नाही. मातीनेच कान धरून शिकवलं.

तू म्हणायचीस, या चिखलात बेडूकसुद्धा नाइलाजाने राहतात. परवा मी पोकळ नळी खुपसली. माझ्या उंचीइतकी आत गेली तरी तळ लागेना. वर काढली तर मातीत एक पान, शिरांसकट शाबूत! आपल्या पणजोबांच्याही आधी गळलेलं असेल. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून ते कुजलं नाही. झाडाने हवेतून ओढलेला कार्बन त्याने अजून सोडलेला नाही. अशी पानं थरांवर थर आहेत. वडिलांनी चर खणून पाणी काढलं, तेव्हापासून जमीन खचत होती. म्हणजे माती कुजून हवेत जात होती, धूर न दिसता. आता पाणी चढलंय. शेवाळ परत आलंय, उशीसारखं मऊ. त्यावर हात ठेवला आणि तू आठवलीस. पुढचं लिहीत नाही, पत्र तुझी बहीणही वाचते.

पाण्याची पातळी मोजली की मी अजूनही ती मोठ्याने सांगतो. लिहून घ्यायला तू नाहीस, हे सांगून झाल्यावर लक्षात येतं.

दलदल विकायची आणि मी कायमचं तुझ्याकडे यायचं, असं आपलं ठरलं होतं. तू दोन खोल्यांचं घरही बघून ठेवलंस, स्वयंपाकघरात ऊन येतं म्हणालीस. सोमवारी रोपवाटिकांना माती पुरवणारा व्यापारी आला होता. पाणी उपसून सगळी काळी माती खणून न्यायची होती त्याला. मी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणालो. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर हे सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र. तूच ये, असं म्हणायला तोंड नाही. तरी म्हणतो, ये. आकडाही लपवत नाही. बेचाळीस लाख, एकरकमी. त्यात ते घर येऊन वर चार उरले असते.

तुझाच