दोन कड्यांविषयी, घोडीवर बसण्याआधी

उल्हासनगर, कॅम्प ४
शनिवार, ता. १३ फेब्रुवारी १९५४

तीर्थस्वरूप विष्णुपंतमामांच्या पायांशी भाचा हरिचंद्र याचा साष्टांग नमस्कार (खरोखरीच पालथा पडून लिहितो आहे, कारण बसायची सोय सध्या नाही, का ते पुढे येईल).

विनंती विशेष. तुमची तब्येत कशी आहे? उमामामीचा दमा थंडीत वाढला नाही ना? घोडी दाणापाणी नीट खाते ना? आणि मुख्य म्हणजे, हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत तिच्यावर बसू नका. म्हणजे मी दिलेलं खोगीर घालून बसू नका. त्याच्या दोन बाजूंना ज्या दोन कड्या आहेत, ज्यांतून पोटाखालचा तंग ओढून बांधतात, त्या दगा देतील. सोमवारी तुम्ही लशीची पेटी घेऊन पोरांच्या देवी काढायला डोंगरावरच्या ठाकूरवाडीला जाणार हे मला माहीत आहे, आणि त्या वाटेला उजव्या हाताला दरी आहे हेही माहीत आहे. मुद्दा एवढाच. आता हे कसं झालं ते सांगतो.

तुम्हाला वाटेल, आपली वांगणी काय, इथल्या अंबरनाथपासून दोन स्टेशनं, गधड्याने स्वतः यावं. खरं आहे. पण मागच्या महिन्यात तुमचं कार्ड आलं, त्यात तुम्ही लिहिलं होतंत की खोगिरावर बसलं की सिंहासनावर बसल्यासारखं वाटतं, आणि आमच्या हरीने आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट शेवटापर्यंत नेली. ते कार्ड मी खिशात ठेवून फिरतो. (आता त्याच्या घड्या फाटल्या आहेत, पण वाचता येतं.) मला शाळेत घातलंत, सहावीत पळालो, त्यानंतर विहिरी खणणाऱ्यांबरोबर गेलो, बदलापुरात भाताच्या गिरणीत राहिलो, एका तमाशाच्या फडाची भांडी उचलली, ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे. त्या सगळ्यावर तुमचं एकही शाबासकीचं कार्ड आलं नव्हतं. ज्या माणसाने ते लिहिलं त्याच्यासमोर उभं राहून "मामा, तुम्ही मराल" असं सांगायला जीभ वळत नाही. म्हणून पत्र.

तर आमचे शेठ लोकूमल. हे शिकारपूरचे. तिकडे टांग्यांच्या आणि घोड्यांच्या साजाच्या कड्या घडवायचा त्यांच्या बापजाद्यांचा धंदा. फाळणीत घर गेलं, दुकान गेलं, येताना एक ऐरण आणली. (ऐरण का आणली, भांडी का नाही, यावर त्यांची बायको अजून रोज सकाळी बोलते. मला सिंधी येत नाही, पण हे भाषण पाठ झालं आहे.) बराकीच्या एका कोपऱ्यात त्यांची भट्टी आहे. लोखंडी सळई तापवायची, वाकवायची, दोन टोकं लाल करून एकमेकांवर ठोकायची, की झाली कडी. जिथे टोकं जुळतात तिथे एक टेंगूळ राहतं. दिसायला बेंगरूळ. मग शेठ ती कडी आढ्याच्या तुळईला दोरखंडाने बांधतात, तिला दोन्ही हातांनी धरतात आणि स्वतः लटकतात. मामा, शेठचं वजन कमी नाही. दोन्ही पाय वर घेऊन, झूलेलालचं नाव घेऊन, तीन झोके. कडी टिकली तर खिळ्यावर, नाही तर पुन्हा भट्टीत. काटा नाही, यंत्र नाही. "जो बेचता है वो लटके," एवढाच त्यांचा कायदा. संध्याकाळी गल्लीतली पोरं हे बघायला जमतात आणि झोके मोजतात.

आता माझं काम होतं पॉलिशचं. म्हणजे शेठ लटकून उतरले की कडी माझ्याकडे, मी ती घासून चकचकीत करायची. इथे माझी अक्कल आडवी आली. मला ते टेंगूळ बघवेना. एवढी गोल कडी आणि मध्येच गालगुंड झाल्यासारखं! मी कानस घेतली आणि हळूहळू टेंगूळ उतरवलं. शेजारचा चष्म्याच्या काड्या करणारा बघून म्हणाला, वा, जोड कुठे आहे तेच कळत नाही. झालं! मला कोणी वा म्हटलं की मी थांबत नाही. एक केली, दुसरी केली, अशा चौदा केल्या. जोड सपाट झाला, मग आत खळगा झाला, त्यावर पॉलिश इतकं केलं की त्यात तोंड बघून भांग पाडावा. म्हणजे बघा मामा, शेठ ज्या कडीला लटकत होते ती वेगळी, आणि गिऱ्हाइकाच्या हातात जात होती ती वेगळी. मधलं अंतर मी घासून भुकटी करून फुंकून टाकत होतो.

त्यातल्या दोन तुमच्या. ते खोगीर कॅम्पातल्या भंगारवाल्याकडे पडलं होतं. कोणा अमेरिकन साहेबाचं म्हणे, पुढे खुंटी, बसायला आरामखुर्चीएवढी जागा. आपल्या देशी खोगिराला पट्टा वरून अख्खा फिरतो. यात तसं नाही, सगळा भार दोन बाजूंच्या दोन कड्यांवर. जुन्या गंजून गेल्या होत्या. माझ्या मामाला जायच्या म्हणून मी त्या सगळ्यात जास्त घासल्या. (हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.)

परवा गुरुवारी बेलवलीचा बुधाजी टांगेवाला आला. आला म्हणजे गल्लीच्या तोंडापासून ओरडत आला. त्याच्या साजाला आमच्या चार कड्या होत्या. बदलापूरच्या उतारावर एक उघडली, टांगा एका अंगावर गेला आणि आतला पॅसेंजर, काडेपेटीच्या कारखान्यातला श्यामकांत नावाचा कारकून, पांढऱ्या पाटलोणीसकट म्हशींच्या डबक्यात बसला. तो मुलगी बघायला चालला होता. (लग्न जमलं म्हणे. मुलीच्या आजीने सांगितलं, पडला तरी पेढ्यांचा पुडा वर धरून होता, संसार करील.) बुधाजीने ती कडी शेठच्या पायांशी फेकली आणि विचारलं,

"शेट, मी कडी मागितलेली का जिलबी?"

शेठ उठून खिळ्याशी गेले. खिळ्यावर माझ्या हातच्या सहा शिल्लक होत्या. त्यांनी पहिली तुळईला बांधली, लटकले आणि पडले. दुसरी बांधली. पडले. गल्लीतली पोरं मोजत होती. तिसऱ्या वेळी त्यांची बायको बाहेर आली आणि ऐरणीचं भाषण सुरू झालं. मी म्हटलं, शेठ, कोळसा ओला होता. त्यांनी ऐकलं नाही. चौथी कडी उजेडात धरली, बोट फिरवलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं,

"ये इतनी सुंदर किसने बनाई?"

आणि मामा, मी पुढे झालो. छाती काढून म्हणालो, "मी." माझ्या ध्यानात येईपर्यंत बुधाजी हसायला लागला होता.

शेठनी मला मारलं नाही. पाचवी कडी बांधली आणि म्हणाले, "अब तू लटक." म्हणून मी आज पालथा आहे. मग ते माझ्याशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "जोड है तो दिखेगा ना बाबा. हम भी इधर जुडके बैठे हैं. दिखता नहीं क्या?" मला तेव्हा दुखत होतं, त्यामुळे नीट ऐकलं नाही. नंतर घोळत राहिलं. चाळीस वर्षं एका गावात काढलेला माणूस बराकीत पत्रा ठोकून राहतो, आणि रोज तुळईला लटकून परक्या गिऱ्हाइकाची हाडं सांभाळतो. आणि मी फक्त त्याची टेंगळं कशी लपवावीत ते बघत होतो. माझ्या मनात वाईट नव्हतं. पण डबक्यात पडणाऱ्याला माझ्या मनाचं काय?

शेठ म्हणाले, चौदाच्या चौदा परत आण, मग तोंड दाखव. चार बुधाजीच्या, सहा खिळ्यावरच्या. दोन अंबरनाथला एका बैलगाडीवाल्याने नेल्या होत्या. काल तिकडे गेलो. एक त्याने लगेच दिली. दुसरी त्याच्या आईने, कमळाबाईने, नातवाच्या पाळण्याला लावली होती. पोर झोपलं होतं, पाळणा हलत होता, आणि माझी चकचकीत कडी वर कुरकुरत होती. मी म्हटलं, आजी, पोराला आधी उचला. ती म्हणाली, "मेल्या, आत्ता कुठं निजलाय. दोन तास मी गातेय, तू गाणार का?" मी कबूल झालो. तिने पोर उचललं, मी कडी काढली, पोर उठलं, आणि मी पाळण्याला दोर बांधून तमाशातलं जे एक गाणं येत होतं ते गायलो. तिने मला मध्येच थांबवून हाकललं. गाणं पाळण्याचं नव्हतं.

बारा झाल्या. उरल्या दोन. त्या दोनांवर तुम्ही बसता.

शेठ मला कामावर ठेवोत वा न ठेवोत, तुम्ही त्या कड्या काढून ठेवा. मामीला माझा नमस्कार सांगा. त्या कार्डात लिहिलेलं तुम्ही परत घेतलंत तरी माझी तक्रार नाही.

तुमचा आज्ञाधारक (पूर्वी नसलेला)
हरी

ता. क. — हे पत्र काल पोस्टात टाकायला निघालो होतो. वाटेत नळावर दोन बायकांचं भांडण लागलं होतं, त्यात एकीचं म्हणणं मला पटलं, ते शेवटपर्यंत ऐकलं आणि डाक निघून गेली. आज रविवार. शेठनी भट्टी पेटवून दोन नव्या कड्या केल्या, टेंगळासकट, आणि माझ्यादेखत चारचार झोके घेतले. कानस त्यांनी कुलपात ठेवली आहे. उद्या पहिल्या गाडीने मी स्वतः येतो.

ता. क. २ — सोमवार, सकाळचे नऊ, तुमचीच ओसरी, मामीची पेन्सिल. मामी म्हणाली, "ते पहाटेच गेले ठाकूरवाडीला," आणि मी हातातल्या नव्या कड्या ओसरीवरच टाकल्या. गोठ्याकडे धावलो. घोडी तिथे कडबा खात उभी! मामीला विचारलं. ती आधी सांगेना. मग चहा ठेवला आणि सांगितलं. खोगीर घोडीला दीडपट मोठं आहे. पहिल्याच दिवशी ते गरकन पोटाखाली गेलं आणि तुम्ही त्याच्याबरोबर. जुनं खोगीर तुम्ही आनंदात दूधवाल्याला देऊन बसला होतात. नवं घेतलं तर हरीच्या कानावर जाईल, म्हणून तीन आठवडे तुम्ही लशीची पेटी खांद्यावर टाकून पायी डोंगर चढता आणि गावात सांगता की चालणं तब्येतीला बरं. खोगीर माजघरात घडवंचीवर मांडलं आहे. संध्याकाळी तुम्ही त्यावर बसून वर्तमानपत्र वाचता, म्हणून सिंहासनाचं ते वाक्य खोटं नव्हतं, असं मामीचं म्हणणं.

कड्या मी बदलल्या. जुन्या खिशात आहेत, चौदा पुऱ्या झाल्या.

खरी विनंती आता करतो. यापुढे मी काही करून आणलं, तर मला कार्ड लिहिण्याआधी घोडीचं मत घ्या. बाकी गावात जे सांगता ते सांगत राहिलात तर माझी हरकत नाही.

घोडीवर गोणपाट टाकलं आहे. तिला घेऊन ठाकूरवाडीच्या वाटेने तुम्हाला आणायला निघतो. वाटेत भेटलो की यातलं मी काही बोलणार नाही, तुम्हीही मुकाट्याने वर बसा. पत्र मामीकडे ठेवलं आहे. घरी आलात, की आधी पाय शेका, मग वाचा.