सरदारच्या आठ भाकऱ्या

धरणगाव,
ता. १८ नोव्हेंबर १९३४

ती. नानांस धाकट्या रुपचंदचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. धुळ्याला थंडी पडली असेल, छाती जपा.

माझ्या सरदार कुत्र्याच्या अंगावर चढलेल्या चरबीचा खरा हिशेब कळवतो. रोज आठ भाकऱ्या, त्यातल्या दोन तुपाच्या. भुंकणं गेलं, पायरी चढणं गेलं. निजला की त्याची धाप मला आपल्या जिनिंग कारखान्याच्या खडखडाटातही ऐकू यायची. कुठला पट्टा घसरतो ते मी गादीवर बसून ओळखतो, तर ही धाप कशी चुकेल? श्रावणात त्याला कापसाच्या काट्यावर ठेवला. छत्तीस शेर.

जळगावहून गुरांचे डॉक्टर आणले. त्यांनी त्याच्या छातीला कान लावला. म्हणाले, शेठ, अशानं हा दिवाळी पाहणार नाही. एकदम उपाशी ठेवू नका, खाणं निम्मं करा, दोन वेळा चालवा, दर रविवारी तोला. मला ते सोपं वाटलं. हे कुत्रं माझ्या हाताशिवाय घास घेत नाही, असं मी साऱ्या बाजाराला सांगत आलोय. तीन रविवार गेले. काटा तसूभर हलला नाही.

मग एका सकाळी चपला हातात घेऊन मी त्याच्या मागे निघालो.

आपल्या गल्लीत घरोघर शेवटची भाकरी कुत्र्याची असते; सातही घरं ती त्यालाच घालत होती, आणि प्रत्येक घराला वाटे, त्याला मिळते ती आपलीच एक. पानबाई त्याला भैरू म्हणते, भिकुबाई खंडू. तो दारात बसतो, एक घेतो, दुसरी मागत नाही, पुढे जातो. नाना, मी थक्क होऊन बघत राहिलो. ज्या गल्लीतून मी मान खाली घालून चालतो, तिथे त्याचं एकाही उंबऱ्याशी वाकडं नाही.

पहिलं दार कुठलं, ते लिहायचं टाळत होतो. तुमचं.

आपल्या दोन घरांमधल्या भिंतीच्या भांडणाला अकरा वर्षं झाली. त्या दिवशी प्रथमच मी तिथे उभा राहिलो. वहिनींनी परातीतून वर पाहिलं नाही.

"भाऊजी, आपलं बोलनं बंद शे, हाई त्याले कोन सांगी?"

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"शेवटनी भाकर बंद नही व्हई. धाकली करसूत."

त्याच दुपारी त्या घरोघर जाऊन आल्या. तेव्हापासून सात घरी त्याच्यासाठी तळहाताएवढी चानकी पडते. तूप बंद. दिवाळी त्यानं पाहिली. गेल्या रविवारी काटा एकोणतीस शेरांवर थांबला, आणि काल तो आपली मधली भिंत एका उडीत ओलांडून गेला. मला ते जमलं नव्हतं.

त्या भिंतीत दार पाडायचं म्हणतो. तुम्ही आल्याशिवाय गवंडी लावणार नाही. लवकर या.

तुमच्या दाराशी उशिरा आलेला,
रुपचंद

ता. क. सरदार माझ्या हातची भाकरी खातो, हे खरं आहे. ती आठवी असते.