रिकाम्या हातानं बघू नये

२ मार्च

आणि परत तेच! बुरुलनं पैसे परत पाठवले. दहा हजार सोम — गेले तसे आले.

अगं, मी बाप आहे तिचा! बापाला पोरीचा एक फोटो दाखवायला काय जातं? तर म्हणते, "शेजारीणसुद्धा हातावर कोरुंदुक ठेवते, मग तोंड बघते. तू कोण मोठा लागून गेलास?" अगं, म्हणून तर पैसे पाठवले ना! "फोनवर येतात तो पगार. कोरुंदुक हातात देतात. ये आणि दे."

ये म्हणे. इथली वस्तू हाती लागल्याशिवाय रजा नाही, असं करारात लिहिलंय. मी सही करताना वाचलं नव्हतं. अक्षर मुंगीएवढं होतं.

नवी सून, नवं बाळ, नवा घोडा — पहिल्यांदा बघायचं तर रिकाम्या हातानं बघायचं नाही. एवढंच ते कोरुंदुक. लहानपणापासून तेच करत आलो. पण माझंच शास्त्र माझ्यावर उलटवायचं!

नाव तेवढं सांगितलं. बेगिमाय. नाव फुकट आहे म्हणे, तोंड नाही.

५ मार्च

वारा. मीठ. दात घासले तरी मीठ.

इथं समुद्र होता. आता जहाजं वाळूत बसलीत, त्यातल्या एकाच्या पोटात आमचा तळ. सामान वाहायला कंपनीनं चार पायांचं लोखंडी गाढव दिलंय. सांध्यांत मीठ गेलं, गाढव बसलं ते बसलंच. खुशबख्त आका म्हणाला, "पहिल्यांदाच खरं गाढव वाटतंय."

खुशबख्त आका पामिरचा. माझ्याहून मोठा, माझ्याहून चांगला नेमबाज, आणि सारखा गातो. गोळीबारातसुद्धा गातो. मला मेंढपाळ म्हणतो. मी मेंढपाळच होतो, पण म्हणायची गरज नाही.

अराल्स्कच्या बाजारात गेलो होतो. बेगिमायसाठी काळ्या-पांढऱ्या मण्यांची माळ घेतली. नजर लागू नये म्हणून मनगटात घालतात ती. छातीच्या खिशात ठेवली आहे.

१० मार्च

सापडलं! खड्ड्याच्या तळाशी. शिडी लावून उतरायचं आणि समोर भिंत. दगड नाही, लोखंड नाही. आधीच्यांचं काम. माणसं यायच्या आधी इथं जे होते त्यांना आम्ही आधीचे म्हणतो. खरं नाव कुणाला माहीत! त्यांची अशी एक वस्तू गोबीत सापडली होती. ज्या कंपनीनं काढली तिच्याशी आता कुणी भांडत नाही. आमच्या कंपनीलाही तसंच व्हायचंय.

पहिल्यांदा आमच्यातला झोरा नावाचा गडी उतरला. वर आला आणि बुटाच्या नाडीकडे बघत बसला. नाडी कशी बांधतात ते विसरला. बाकी सगळं ठीक. आता सपाता घालून पहारा देतो.

११ मार्च

रिम्मा इगोरेव्हना उतरली. कंपनीनं पाठवलेली शास्त्रज्ञ बाई ती, आधीच्यांवर पुस्तकं लिहिलीत. वर आली तेव्हा वाचता येत नव्हतं. स्वतःचंच पुस्तक उलटं धरून म्हणाली, "छपाई सुरेख आहे."

१२ मार्च

कप्तान सावेल्येव उतरला. डावं-उजवं गेलं.

सकाळची कवायत बघण्यासारखी झाली.

१५ मार्च

आज माझी आणि खुशबख्त आकाची पाळी. मी पुढं. तळाला पोचलो, भिंत अजून पाठीमागं होती, वळायच्या आधी हात आपोआप खिशात गेला. एक तेंगे होता, इथलं नाणं. भिंतीच्या पायथ्याशी टाकला, मग वळून बघितलं. ठरवून नाही केलं. नवीन काही बघायचं म्हटलं की आमचा हात तसाच जातो.

भिंत म्हणजे भिंतच. राखाडी. मधे रेघ, मिटलेल्या पापणीसारखी.

पैसा मात्र दिसेना. वाळूत गेला म्हणावं तर वाळूही नाही तिथं.

खुशबख्त आका हसला. "आमच्यात नवरीचं तोंड बघताना देतात, मेंढपाळा. खड्ड्याला नाही!" आणि त्यानं तसंच बघितलं.

वर येताना तो गप्प होता. म्हटलं, आका, गा की काहीतरी. तो म्हणाला, "काय गाऊ?"

एक गाणं उरलं नाही त्याच्याकडं. आईकडून शिकलेलीसुद्धा नाहीत.

१६ मार्च

सगळ्यांचं काही ना काही गेलं. माझं काहीच नाही. बाईनं माझी तपासणी केली — नाव विचारलं, गाव विचारलं, नाडी बांधायला लावली. शेवटी तेंगेचं सांगितलं. कप्तानाला वाटलं मी चेष्टा करतोय. तो मला हाकलायला निघाला, पण दार डावीकडं होतं.

१७ मार्च

खरं ठरलं. आचारी उतरला, हातात कांदा. कांदा ठेवला, बघितलं, वर आला. रस्सा नेहमीसारखाच वाईट.

हुकूम निघाला: रिकाम्या हातानं कुणी उतरायचं नाही. कप्तान मला विचारतो, किती द्यावं लागतं? म्हटलं, किती त्याला महत्त्व नाही. आपलं असावं, आणि बघायच्या आधी द्यावं. "आणि दुसऱ्यानं दिलं तर?" म्हटलं, तान्ह्या पोरांच्या वतीनं आई देतेच की. चालतं.

तो म्हणाला, "तुमच्याकडे बायकापोरं हे सगळं रोज करतात?" हो म्हटलं. त्यानं कपाळाला हात लावला. आधी दुसरीकडेच लागला.

२९ मार्च

भिंत उघडली. आत दुसरी भिंत. ती नवीन, म्हणजे परत द्यायचं. उघडली — आत तिसरी. कोबीसारखं प्रकरण आहे. एकदा दिलं की तेवढ्या भिंतीपुरतं झालं, पुढच्या भिंतीला पुढचं.

मी चमचा दिला, पट्ट्याचं बक्कल दिलं, आपानं, माझ्या आईनं, दिलेला कंगवा दिला. विजार दोरीनं बांधतो. खुशबख्त आका म्हणतो, "मेंढपाळ हळूहळू मूळ वेषात येतोय." गाणी गेली पण जीभ शाबूत आहे.

माळ दिली नाही. ती माझी नाहीच मुळी. बेगिमायची.

४ एप्रिल

बुरुलचा फोन. मागं पोरगी रडत होती. रडणं ऐकलेलं चालतं का विचारलं. म्हणाली, "ऐक. ऐकायला पैसे पडत नाहीत." मग दोघांनी ऐकलं, ती गप्प होईपर्यंत.

खड्ड्याचं सगळं सांगितलं. वाटलं हसेल. नाही हसली. म्हणाली, "तुझं काय काय आहे रे घेण्यासारखं? नीट सांभाळून बघ."

म्हटलं, आता फार भिंती उरल्या नसतील. वस्तू निघाली की रजा.

"वसंतात येतो म्हणून गेलेला माणूस तू. कुठला वसंत ते बोलला नव्हतास."

भांडण तिथंच थांबवलं. तिचं बरोबर होतं.

९ एप्रिल

पिवळ्या गाड्या दिसल्या. दुसऱ्या कुठल्या कंपनीची भाडोत्री फौज, उत्तरेकडून. आमच्यापेक्षा पुष्कळ. त्यांचं गाढव चालतंय.

१२ एप्रिल

कप्तान म्हणतो लढू. रिम्मा इगोरेव्हना म्हणते एकच भिंत उरली असावी, आत काहीतरी गरम आहे. माझ्याकडं द्यायला बुटांच्या नाड्या आहेत. त्या झोराला दाखवून आलो. त्याला हेवा वाटला.

१३ एप्रिल

नाड्या गेल्या. भिंत नुसती पाहिली, उघडली नाही.

१६ एप्रिल

झालं एकदाचं. लिहून ठेवतो.

पिवळे आले. धूर, मीठ, काही दिसेना. मी आणि खुशबख्त आका खड्ड्याच्या तोंडाशी. त्याच्या मांडीत गोळी लागली आणि तो शिडीवरून खाली गेला. मी मागून उतरलो. पिवळे आमच्या डोक्यावरून उड्या मारत तळाला. कुणाच्या हातात काही नाही, बंदुकीशिवाय. आणि बंदुका कोण देतंय!

त्यांनी भिंतीकडं बघितलं. मग खड्ड्यात शांतता झाली. एकजण बंदुकीचा दस्ता कानाला लावून हॅलो म्हणाला. त्यांचा पुढारी मला विचारतो, "माफ करा, आम्ही कुणाच्या बाजूचे?" मी म्हटलं, वर जा, रस्सा आहे. ते रांगेनं वर गेले.

आणि तेवढ्यात शेवटची भिंत उघडायला लागली. आतून उजेड. खुशबख्त आका उताणा, तोंड तिकडंच, डोळे टक्क उघडे. शुद्ध अर्धीच. मिट म्हटलं तर मिटेना. मी स्वतः पाठ करून उभा. वाटलं, गाणी गेली आता ह्याचं काय जाईल? नाव जाईल, श्वास घ्यायचं जाईल. त्याचे खिसे चाचपले, रक्त नुसतं. माझे चाचपले. खालचे रिकामे. छातीच्या खिशात एक माळ सापडली. काळे-पांढरे मणी, एवढीशी. माझ्या दोन बोटांतही जाणार नाही. माझ्याकडं कशी आली कुणास ठाऊक. ती त्याच्या मुठीत दिली, त्याचा हात धरून त्याच्या नावानं उजेडात टाकली.

मला द्यायला काही उरलं नाही. डोळे मिटून माणूस खांद्यावर घेऊन शिडी चढता येत नाही. वळलो, उचललं, बघितलं.

आत पाळणा होता. म्हणजे पाळण्यासारखं यंत्र. हळूहळू झुलत होतं. आत हाताएवढं काहीतरी निजलेलं. नवं. इतकं जुनं घर आणि आतलं इतकं नवं! कुणीतरी येऊन बघावं म्हणून एवढी वर्षं झुलवत ठेवलेलं. असलं काही मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

कंपनीच्या कागदात लिहिलंय: उपकरण, नग एक.

१७ एप्रिल

विमान येऊन उपकरण घेऊन गेलं. पिवळे अजून इथंच आहेत. भांडी चांगली घासतात.

माझी तपासणी झाली. नाव, गाव, नाडी (दुसऱ्याची). डावं-उजवं. वाचता येतं तेवढं येतं. काही गेलेलं दिसत नाही. नशीब!

कप्तान म्हणाला, "रजा मंजूर. घरी जा." म्हटलं बरं, आपाला बरं वाटेल. म्हातारी एकटीच असते. कप्तान बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला.

खुशबख्त आका शुद्धीवर आला. त्याचं काही गेलं नाही. मला म्हणाला, "माळ कुठंय?" म्हटलं टाकली, तुझ्या नावानं. तो रडायला लागला. गोळी काढताना रडला नव्हता.

१८ एप्रिल

खुशबख्त आका सांगतो की मला बायको आहे. आणि मुलगी. म्हटलं, पामिरी, थट्टा पुरे. तो म्हणाला, "तुझी वही वाच."

वाचली. अक्षर माझंच. भांडण चांगलं रंगलंय. बाई कोण ते कळत नाही, पण बोलते बरोबर.

फोनमध्ये तिचे फोटो असणार. उघडले नाहीत. असं कसं उघडायचं?

१९ एप्रिल

फोन केला. एका बाईनं उचलला. आवाज चांगला आहे, जरा चढा.

म्हटलं, मी मेदेर बोलतोय. म्हणाली, "माहितीय. आलास का संपवून?" मग सगळं सांगितलं, माळेसकट. वहीत वाचलं तेवढंही सांगितलं. ती म्हणाली, "खोटं बोलतोस." नाही म्हटलं. "मी हसते कशी, सांग." माहीत नाही म्हटलं. "पहिल्यांदा कुठं भेटलो?" माहीत नाही.

मागं पोर रडत होतं. कुणी घेतलं नाही त्याला. मग घेतलं असावं, कारण थांबलं.

म्हणाली, "माळ देऊन माणूस वाचवलास ना?"

हो.

"मग ठीक आहे. ती तिची होती, तिनं दिली." आणि नाक ओढून, "म्हणजे आता आम्हा दोघींनाही तू पहिल्यांदाच बघणार."

मी विचारलं, येऊ का?

"ये ना! घर तुझं आहे. पण आधी पैसे पाठव. दोघींचे. फोनवर पाठव, चालतील. रिकाम्या हातानं उंबऱ्यात पाय ठेवलास आणि अजून काही गेलं, तर मी कुणाशी भांडू?"

२० एप्रिल

उद्याची बस. बेगिमायचे दहा, बुरुलचे दहा. पाठवले. परत आले नाहीत. वीस हजार सोम.