टेलरमास्तरांची मोटार

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरलीय, त्यामुळे वाकलो असं समजून घे.) तुझी पाठ कशी आहे? दिवसभर बस चालवून माणसाच्या पाठीचं लाकूड होतं म्हणतात. भावोजींचं पोट आता काय म्हणतंय? त्यांना माझा नमस्कार सांग आणि जेवल्याबरोबर आडवे होऊ नका, असं मी म्हटलं नाही असं सांग. इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे कुरकुरतात, बाबांचे डोळे चाललेत आणि दुकानामागच्या खोलीत एक मोटार उभी आहे. पत्र सहज लिहितोय, काळजी करण्यासारखं काही नाही.

डोळ्यांचं आधी सांगतो. डॉक्टर म्हणाले, सहा-सात महिने रस्ता दिसेल, पुढे नुसता उजेड आणि अंधार. बाबांनी ते निमूट ऐकून घेतलं आणि तुमच्या कोटाचा डावा खांदा पडलाय, असं डॉक्टरांना सांगितलं. घरी येऊन मोठी कात्री माझ्या हातात दिली आणि दोन आठवडे भिंतीकडे तोंड करून बसले. जेवायला हाक मारली तर यायचे, जेवून परत भिंतीकडे. मला तेव्हा फार भीती वाटली. तेवढ्यात वकीलसाहेब वारले. (वाईटच झालं, पण माणसाने वेळ अचूक साधली.)

वकीलसाहेबांची ती लांबुडकी मोटार तुला आठवत असेल. त्यांची मुलं ती भंगारात काढायला निघालीत हे कळलं, तसे बाबा उठले, दाढी केली आणि गाडी मागून घेऊन आले. तीस वर्षं ते या गाडीत बसले, ते मागच्या सीटवर. सूट तयार झाला की वकीलसाहेब न्यायला यायचे, चुरगळू नये म्हणून सूट पुढच्या सीटवर पसरायचे आणि मास्तरांना मागे बसवून घालून बघायला घरी न्यायचे. बाबांचं मागणं एवढंच, की डोळे आहेत तोवर एकदा पुढच्या सीटवर बसून समुद्राकडच्या रस्त्याने जायचं आणि समोरच्या काचेतून समुद्र बघायचा. आयुष्यात त्यांनी केलेला हा एकच हट्ट मला माहीत आहे. (दुसरा तुला माहीत आहे, त्याबद्दल मी लिहीत नाही.)

असल्या मोटारी जगात बेचाळीसच उरल्यात, असं आमचा मेकॅनिक सांगतो. पैकी एकेचाळीस त्याने पाहिलेल्या नाहीत. त्याला आम्ही फुंकरबुवा म्हणतो, कारण गाडीचा कुठलाही भाग हातात आला की तो आधी फुंकर मारतो आणि मग, हे गेलेलं आहे, असं जाहीर करतो. पहिल्या दिवशी त्याने तासभर फुंकरी मारल्या आणि घाम पुसत म्हणाला, मास्तर, आरसा चांगला आहे. मग बाबांनी सगळ्यांना कामं वाटून दिली. गाडी सुटी करताना निघणारे नट-बोल्ट आईकडे गेले. तिने जुन्या अस्तराच्या कापडावर ते बटणांसारखे ओळीने शिवून टाकले. दोनशे चौदा नट, प्रत्येकाला चार टाके आणि गाठ. फुंकरबुवाने नट मागितला की ती चष्मा शोधणार, मग कात्री शोधणार, मग टाका कापणार आणि जाताना, हरवू नका, असं बजावणार. चेष्टा केली तरी एकही नट हरवला नाही, हे मान्य करावं लागतं.

घोळ घातला तो बाबांनी. तळाचा पत्रा कुजला होता आणि एक दरवाजा खालून गळून पडला होता. नव्या पत्र्याचं माप बाबांनी स्वतःच्या टेपने घेतलं, खडूने रेघा मारल्या आणि कापून आणायला मला पाठवलं. मीही जन्मभर कापडच कापलेलं, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. पत्रा बसवायच्या दिवशी तो चारी बाजूंनी इंच इंच बाहेर आला आणि दरवाजा तर लागेचना. फुंकरबुवाने दोन वेळा मापं मोजली आणि कपाळाला हात लावला. बाबांनी सवयीने शिवणीसाठी माया सोडली होती. वर त्यांचं म्हणणं, असू दे, पुढेमागे गाडी सैल करायची झाली तर कामाला येईल. हे ते गंभीरपणे म्हणाले. माझी बायको खोलीबाहेर जाऊन हसून आली, मला तिथेच उभं राहावं लागलं.

तर असं करत पाच महिन्यांत गाडी उभी राहिली. गेल्या रविवारी फुंकरबुवाने किल्ली फिरवली, गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. आई पदराने डोळे पुसत होती. बाबा कोट घालून पुढे बसले, दार लावून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, चल. मी त्यांच्याकडे बघितलं. ताई, आमच्या घरात कुणालाच गाडी चालवता येत नाही. पाच महिन्यांत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाबांना वाटत होतं मला येते, कारण मी लग्नाआधी मित्राची गाडी धुवायचो. मला वाटत होतं बाबांना येते, कारण ते तीस वर्षं गाडीत बसलेत. आईला वाटत होतं पुरुषांना येतच असेल. फुंकरबुवा म्हणाला, मी नेतो. तर बाबा म्हणाले, घरचं माणूस चालवेल तेव्हाच जाईन. आणि उतरले.

मी शिकायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी शिकवणारा दुकानात आला, नव्या पँटचं माप देऊन गेला आणि शिकवणीबद्दल अवाक्षर बोलला नाही. तेव्हा तो विषय संपला. बाबा आता रोज सकाळी गाडीत पुढे बसून पेपर धरतात. मथळा वाचता येतो, खालचं आई वाचून दाखवते. मागच्या महिन्यात खालचंही दिसत होतं. मला बघवत नाही, पण करणार काय?

असो. तुला यायला जमणार नाही हे ठाऊक आहे, आणि मी बोलावतही नाहीय. कळवावं म्हणून कळवलं. पाठीला शेक घे.

तुझा,
धाकटा

ता. क. – तुला रजा मिळते का? वर्षाला किती? साठवता येतात का? माहिती म्हणून विचारतोय.

ता. क. २ – वरचं सोड. ताई, ये. आपल्या घरातली मुलगी बस चालवणार नाही, असं बाबा म्हणाले त्याला नऊ वर्षं झाली, आणि नऊ वर्षं ते तुझं नाव घेत नाहीत. मी मध्ये पडायला हवं होतं. काजं करत बसलो, त्याची लाज वाटते. डॉक्टरांच्या हिशेबाने आता महिना-दीड महिना उरलाय.

ता. क. ३ – पाकीट बंद करणार होतो, पण काल बाबांनी चालवणाऱ्याची सीट नव्याने भरली. मी बसून बघितलं तर डोकं छताला लागलं. म्हटलं, नजर चुकली, माप चुकलं. आईने मापांची वही पुढे केली. तुझं पान उघडं होतं, तू कॉलेजात असतानाचं. मी पत्र लिहितोय हे बाबांना कळलंय. बराच वेळ माझ्यामागे उभे होते. मग म्हणाले, तिला विचार, गाडी चालवताना टाचेची चप्पल घालते की सपाट. सीटची उंची त्यावर अडलीय.